भिंतीकडची बाजू

१

लातुरात दुसऱ्या कशाचा तोटा पडेल, पण गाद्यांना गिऱ्हाईक तुटत नाही. बारावीचे पेपर संपले की सीईटीचे क्रॅश कोर्स लागतात, आणि पार हिमायतनगरापासूनची पोरं एक ट्रंक, एक बादली आणि डॉक्टर व्हायचा निश्चय घेऊन एसटीतून उतरतात. गादी तेवढी इथंच भरून घेतात. त्यामुळे गंजगोलाईच्या मागच्या बोळात ताहेर पिंजाऱ्याचं मशीन एप्रिलभर घरघरत असे. त्या घरघरीच्या बरोबर डोक्यावर, माडीच्या पुढच्या खोलीत, त्यांची थोरली मुलगी जेबा दगड बघत बसलेली असे.

दगड बघते, हे बोळाचं म्हणणं. पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकून आलेली पोरगी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून खडे निरखते, याला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? जेबाला त्याचा राग येत नसे. बोळानं तिला लहानपणी नाकात कापूस घेऊन फिरताना पाहिलं होतं. दगड ही त्या मानाने बढतीच होती.

हिवाळ्यात देवणीच्या पलीकडे एका ओढ्याच्या काठावर खोदकाम झालं होतं. त्यात गारगोटीची, अकीकाची नखाएवढी दगडी टोकं सापडली होती, हजारो वर्षांची. त्यांतली बाणाची कोणती, हे ठरवायचं काम जेबाकडे होतं. धनुष्य कुजतं, दोरी कुजते, बाणाची काडीही कुजते. मागे उरतो तो दगड. माणसानं पहिला बाण कधी सोडला हे शोधणाऱ्या साऱ्यांची भिस्त त्या एवढ्याशा दगडावर असते. आफ्रिकेतल्या एका गुहेत साठेक हजार वर्षांपूर्वीची अशीच टोकं मिळाली, त्यांवर डिंकाचे नि रक्ताचे अंश निघाले. इथं तेवढं नशीब नव्हतं. इथं फक्त टोक कसं मोडलंय ते बघायचं. वेगानं जाऊन कठीण वस्तूवर आदळलेल्या टोकाचा एका अंगानं पापुद्रा उडतो. असा उडालेला पापुद्रा दिसला की समजायचं, हा बाण लागला. कुणाला लागला, ते दगड सांगत नाही.

एका दुपारी जेबाने सतरा नंबरचं टोक भिंगाखाली धरलं आणि तिचा हात थांबला. हे टोक शाबूत होतं. आदल्या आठवड्यात तिनंच त्याचा फोटो काढला होता, आणि फोटोतही ते शाबूत होतं. आता त्याचा शेंडा गेला होता. जुन्या दगडावर काळाचा एक तेलकट थर चढलेला असतो. मोडलेली जागा जुनी असेल तर तिच्यावरही तो असतो. ही जागा कोरी होती. एका अंगानं पापुद्रा उडालेला, अगदी पुस्तकात दाखवावा तसा.

डबीत शेंड्याचा तुकडा नव्हता.

२

शहाण्या माणसाला आधी आपलीच चूक दिसते. जेबाने फोटो पुन्हा पाहिले, डब्या पुन्हा लावल्या. पुण्याला, खोदकामाचे प्रमुख असलेल्या रामलिंग सरांना फोन केला. सर म्हणाले, "लेबल बदललं असेल. उन्हाळा आहे, जरा पाणी पीत जा." ती पाणी प्यायली. दोन दिवसांनी नऊ नंबरचा शेंडा गेला, मग तिसाव्याचा. तिने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. कुलूपबंद पेटीत आणखी एक मोडलं.

डबीत पडून दगड असा मोडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जानेवारीत तिनं त्याचा प्रयोगच केला होता. स्वतःच्या हातानं नवी टोकं घडवली, डिंक नि गेरू कालवून बरूच्या काड्यांना चिकटवली. धनुष्य अब्बांनी केलं होतं. बांबू बुरुडाकडचा आणि दोरी घरची, म्हणजे आजोबांच्या पिंजणीची तात. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं मोठं धनुष्यच, मशीन येण्याआधी त्यावरच घर चालायचं, आणि तात म्हणजे त्याची आतड्याची दोरी. गच्चीवर जुनी गादी टांगून तिच्यावर कसायाकडची बकऱ्याची बरगडी बांधली आणि बापलेकींनी दिवसभर बाण मारले. बोळातली निम्मी पोरं कठड्यावर बसून टाळ्या पिटत होती. हाडाला लागलं ते टोक मोडलं. नुसत्या कापसात शिरलं ते जसंच्या तसं परत आलं.

दुसरा प्रयोग व्हायचा होता, म्हणून धनुष्य तिनं चढवलेल्या तातीसकट आतल्या खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगून ठेवलं होतं. यावरून अब्बांची रोज कुरकुर असे.

"काम झालं की तात उतरवायची, जेबा. चढवलेली तात घरात ठिवायची न्हाई. माझ्या बापानं कधी ठिवली न्हाई."

"का पण?"

"का म्हंजे? न्हाई ठिवायची." अब्बांचं सगळं शास्त्र हे असं. "आन् खाली कापूस नसताना ती वाजवायची तर अजाबात न्हाई."

जेबा हसून सोडून द्यायची. तात उतरवून पुन्हा चढवली की ताण बदलतो आणि प्रयोगाचं मोजमाप बिघडतं, हे अब्बांना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आतल्या खोलीत धाकटी हुस्ना असे. ती यंदा सीईटीला बसणार होती. भल्या पहाटे क्लास, सकाळी टेस्ट सिरीज, मग घरी येऊन दुपारी दोन घास खाऊन झोप, आणि उठल्यावर पुन्हा पुस्तक. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ती जाताना जेबाचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "हुस्नाला एकटी सोडू नको." त्यामुळे हुस्नाचा डबा, हुस्नाचे मार्क, हुस्नाची झोप, सगळं जेबाच्या जिवाला लागलेलं. आणि हल्ली हुस्नाची झोप बरी नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. उठायची ती डावा हात चोळत, मुंग्या आल्यासारखा.

"आपा, गादीवर जागा पुरंना गेली," ती एकदा म्हणाली.

"एवढी रुंद गादी, आणि तू काडीएवढी. जागा काय पुस्तकं खातात?"

"काय माहीत. लई अवघडल्यावाणी होतं."

ती गादी भिंतीला लावून होती. त्या भिंतीला त्र्याण्णवच्या भूकंपाची भेग होती. सिमेंटनं बुजवलेली, पण चुन्यातून उमटून दिसणारी. हुस्ना तेव्हा दोन महिन्यांची. घर हललं तशी सगळी अंगणात धावली. अम्मीला वाटलं पोर अब्बांनी घेतली, अब्बांना वाटलं अम्मीनं घेतली. दोघांचे हात रिकामे. अब्बा परत आत गेले तर पाळणा रिकामा, आणि हुस्ना भिंतीशी अंथरलेल्या गादीच्या अगदी काठाला गाढ झोपलेली. अम्मी मरेपर्यंत सांगायची, मी तिला पाळण्यातच घातलं होतं. अब्बा म्हणायचे, तू विसरलीस. दरवर्षी या गोष्टीवर घरात हसू व्हायचं.

३

आवाज जेबाने आधीपासून ऐकला होता. फक्त त्याला आवाज म्हणायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

दुपारी लोडशेडिंग सुरू झालं की अब्बांचं मशीन बंद पडायचं आणि बोळ एकदम सुन्न व्हायचा. त्या शांततेत कधीतरी 'टुंग' असं व्हायचं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. जेबाने मान वर न करता ठरवून टाकलं होतं, की लाईट नाही म्हणून अब्बा खाली आजोबांची पिंजण काढून बसले असतील. बालपणाचा आवाज तो, त्याची भीती कसली वाटणार? उलट बरंच वाटायचं.

त्या दिवशी आवाज आला तेव्हा ती पाण्याला उठली होती. जिन्याच्या मध्यात तिला अब्बा वर येताना भेटले.

"का वं, जेबा," ते दबक्या आवाजात रागावले. "पोर झोपलीय. तवा कशाला तात छेडून राहिलीस रोज?"

"मी? अब्बा, तुम्ही पिंजण काढली ना?"

"पिंजणीची तात तर तुझ्या धनुष्याला हाय. मी कशानं पिंजू?"

भूकंपाच्या वेळेसारखंच झालं होतं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं केलं, आणि दोघांचे हात रिकामे. वर पुन्हा 'टुंग' झालं.

जेबा दोन दोन पायऱ्या टाकत वर गेली. पुढची खोली रिकामी होती. धनुष्य खिळ्यावर होतं. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं, हुस्ना भिंतीकडे पाठ करून झोपलेली, गुडघे गादीबाहेर आलेले. जेबाने तातीला बोट लावलं. ती थरथरत होती, म्हशीच्या अंगावर माशी बसली की कातडी थरथरते तशी. बोटाखालीच हळूहळू थांबली.

वाऱ्यानं वाजली म्हणावं, तर खिडकी बंद. उंदीर म्हणावा, तर तात इतकी ताणलेली की ओढायला माणसाचा दंड हवा. जेबाने पेटी उघडली. आणखी एक शेंडा गेला होता. जागा इतकी कोरी की तिच्यावर खिडकीचा उजेड चकाकत होता.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, कारण तिला खरंच कळत नव्हतं काय झालं ते. पिंजाऱ्याची मुलगी म्हणून विचार केला तर भीती वाटत होती आणि पुरातत्त्वाची विद्यार्थिनी म्हणून केला तर लाज. दोन्हींच्या मधे बसून तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

४

"हुस्नाची गादी उसवू," अब्बांनीच ठरवलं. "कापूस बसला असंल. परीक्षेच्या आधी पोरीला धड झोप तरी लागू दे." पिंजाऱ्याला कोणत्याही दुखण्यावर पहिलं औषध हेच सुचतं.

हुस्ना क्लासला गेल्यावर दोघांनी गादी खाली दुकानात आणली. अब्बांनी पात्यानं टाके कापले, खोळ उलटी केली, आणि जेबाने कापसाचा थर अलगद उलगडला. रोज ज्या जागी माणूस झोपतो तिथला कापूस दबून पापडासारखा होतो. एकट्याच्या गादीत एक खळगा असतो, नवराबायकोच्या गादीत दोन. हे पिंजाऱ्याच्या घरात पोराला चालायला लागायच्या आधी कळतं.

हुस्नाच्या गादीत दोन खळगे होते.

एक काठाला, अरुंद, तिच्या अंगाचा. दुसरा भिंतीकडे. तो लांब होता, रुंद होता, आणि तिथला कापूस इतका दबला होता की फळीवर हात ठेवल्यासारखं वाटत होतं. हुस्नापेक्षा कितीतरी जड काहीतरी तिथं निजत होतं.

अब्बांनी खळग्यावर तळवा फिरवला. "तू झोपतीस का तिच्याजवळ?"

"नाही, अब्बा. मी पुढच्या खोलीत झोपते."

"मंग रईसाच्या येळंचं असंल." रईसा म्हणजे अम्मी. पण बोलता बोलता त्यांचं त्यांनाच आठवलं, की ही गादी हुस्ना अकरावीला गेली तेव्हा नवीन भरलेली.

तेवढ्यात जेबाच्या बोटाला काहीतरी टोचलं. तिने कापूस विस्कटला. तांदळाच्या कणीएवढा दगडाचा तुकडा. मग आणखी एक. मग बरेच. तिने खोदकामावर लागलेल्या सवयीनं कागद ओढला, गादीचा चौकोन काढला आणि जो तुकडा जिथं मिळाला तिथं ठिपका दिला. मग वरून पेटी आणली. सतरा नंबरच्या टोकावर एक तुकडा टेकवला. तो असा बसला की मधे केसाएवढी फट राहिली नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतके दिवस ती शेंडे टेबलाखाली, पेटीत, केरात शोधत होती, आणि ते बहिणीच्या अंथरुणात होते. खोळ तिनं उजेडात धरून इंच इंच पाहिली. कुठं एकही भोक नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली. "कुणीतरी हुस्नावर बाण मारतंय."

अब्बांनी तिला वेड्यात काढलं नाही. काढलं असतं तर फार बरं झालं असतं. ते उठले, वर गेले आणि धनुष्य गुडघ्याशी वाकवून तात उतरवली. तिचं वेटोळं करून तिथंच खिळ्याला अडकवलं. "मी सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाले, तेही रागानं नाही.

दगड मात्र जेबाने स्वतः बांधले. सगळी पेटी, कापसातले तुकडे, प्रयोगाचे बाणसुद्धा. त्याच संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल चढवलं आणि रामलिंग सरांना सांगितलं, की तब्येत बरी नाही, काम दुसऱ्या कुणाला द्या. हातचं काम जात होतं, नावही जाणार होतं. पण हुस्नापुढे नावाचं काय घेऊन बसायचं? गाडी वळणाआड गेली तेव्हा जेबाला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

अब्बांनी दबलेला कापूस टाकून दिला आणि गादी नवीन कापसाने गच्च भरली. फुगून हातभर उंच झाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, मशीन थांबलं आणि बोळ सुन्न झाला. जेबा कान देऊन बसली. काही नाही. आतून हुस्नाचा संथ श्वास तेवढा ऐकू येत होता. खिळ्यावर धनुष्य सरळ काठीसारखं लटकत होतं.

टेबल रिकामं होतं. करायला काहीच नव्हतं म्हणून जेबाने तो ठिपक्यांचा कागद समोर ओढला. काल घाबरलेल्या डोळ्यांनी काढलेला. आज ती त्याच्याकडे शिकलेल्या डोळ्यांनी बघू लागली.

सगळे ठिपके भिंतीकडच्या बाजूला होते. हुस्ना झोपते त्या काठाला एकही नव्हता. चुकूनसुद्धा नाही. इतके बाण मारून ज्याचा एकही हुस्नाच्या बाजूला गेला नाही, तो नेमबाज हुस्नावर नेम धरत नव्हता.

आणि कापसात टोक मोडत नाही. हाडावर मोडतं. हे तर तिनेच गच्चीवर सिद्ध केलं होतं.

म्हणजे बाण भिंतीकडे निजणाऱ्याला लागत होते. ती उठून आतल्या दारात गेली.

हुस्ना काठाला, भिंतीकडे पाठ करून झोपली होती. तिच्या पाठीमागे नवीन गादी फुगलेली, चादर ताणून बसवलेली, आणि त्यापलीकडे भिंत. जेबा बघत असताना भिंतीलगत चादरीला एक सुरकुती पडली. मग तिथला कापूस दबू लागला. हळूहळू, खांद्याच्या जागी आधी, मग कमरेच्या. दुपारचं जेवण करून आलेलं जड माणूस अंग टाकतं, तितक्या सावकाश. वर काही नव्हतं. भेगेवरचा चुना तेवढा भुरभुरत चादरीवर पडत होता. खळगा पुरा झाला आणि तिथं थांबला नाही. हुस्नाच्या पाठीकडे सरकू लागला.

"हुस्ना," जेबाने हाक मारली. मग ओरडून. तिने धावत जाऊन हुस्नाचा हात धरून ओढलं. हात ओढला गेला नाही. दुसऱ्या बाजूनं कुणी धरून ठेवल्यासारखी हुस्ना जागची हलली नाही. झोपेतच कुरकुरली, "सरक ना जरा," आणि ते जेबाला उद्देशून नव्हतं.

जेबाने खिळ्यावरचं धनुष्य ओढलं. दगड नाहीत, बाण नाहीत, सगळं पुण्याला गेलेलं. फक्त तात. लहानपणी अब्बांनी शिकवलं होतं तसं तिने टोक पायाशी रोवलं, गुडघ्याने बांबू वाकवला, फास चढवला. आणि रिकामी तात, खाली कापूस नसताना, जोरात ओढून सोडली.

टुंग.

खळगा थांबला. चादर आक्रसली, कुणी अंग चोरून घ्यावं तशी.

टुंग. तो थोडा मागे, भिंतीकडे गेला. टुंग. आणखी थोडा. जेबाला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं. आवाज विरला की तो परत हालायचा, म्हणून ती थांबत नव्हती. बोटाचं सालपट निघालं तरी थांबली नाही. हुस्नाचा हात तिच्याच्यानं धरवत नव्हता, कारण दोन्ही हात धनुष्याला होते.

"अब्बा," ती ओरडली. "अब्बा, वर या."

खाली ताहेर पिंजारी पायरीवर बसून होते. वर तात वाजलेली तेवढी त्यांनी ऐकली, हाक तिथवर पोचली नाही. जेबा छेडून राहिली असंल, ते मनाशी म्हणाले, आणि या खेपेला ते खरं होतं. सांगून ऐकत नाही पोरगी, म्हणत ते उठले, तेवढ्यात दुकानातला पंखा फिरू लागला. लाईट आली होती. गिऱ्हाईकाच्या तीन गाद्या पडून होत्या. आधी बटण दाबू आणि मग वर जाऊन तिला चार शब्द सुनावू, असं म्हणून त्यांनी मशीन सुरू केलं.

घरघर जिन्यातून वर आली, भिंतीत शिरली, फरशीत शिरली. जेबा तात ओढत होती, सोडत होती. तात हलताना तिला दिसत होती, पण तिचा आवाज आता तिच्या स्वतःच्या कानांपर्यंतही पोचत नव्हता.

गादी पुन्हा दबू लागली. हुस्ना झोपेतच, सवयीनं, आणखी थोडी काठाकडे सरकली. तिकडे आता सरकायला जागा उरली नव्हती.